टर्कीच्या पॉट कॉलसाठी लाकडी स्ट्रायकर कसा निवडावा

स्ट्रायकर म्हटलं की आपल्याला कॅरम आठवतो. अमेरिकेत रानटर्कीची शिकार करणाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द आला, तर तो पेन्सिलीहून जरा लांब अशा एका लाकडी काडीसाठी असतो. तळहातावर मावणारी गोल, चपटी डबी म्हणजे पॉट कॉल. तिच्या पाटीवर ही काडी घासली की टर्कीच्या मादीचा आवाज निघतो. वसंतात नर ओरडून आपला ठावठिकाणा सांगतो आणि एरवी मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकाऱ्याला हे उलटं घडवायचं असतं. मादीचा आवाज काढून नराला बंदुकीच्या टप्प्यात आणायचं, म्हणजे सगळी मदार आवाजावर.

पेनसिल्व्हेनियात पहिल्या वसंतात मी एकामागून एक तीन पॉट विकत घेतले. आवाज काही सुधारेना. शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ राहतात, लहानपणापासून शिकार करणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि खिशातली हिकरी नावाच्या लाकडाची जुनी काडी माझ्या हातात दिली. त्याच पॉटमधून, त्याच हातानं, पहिल्यांदा टर्कीसारखं काहीतरी बाहेर पडलं. माझे पॉट चांगले होते, काड्या त्यांच्याशी जुळणाऱ्या नव्हत्या. नव्यानं शिकणाऱ्यांचे पैसे आणि हंगाम दोन्ही वाचावेत म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहिते आहे.

१. आवाज कसा निघतो ते आधी समजून घ्या

शाळेत पाटीवर पेन्सिल विशिष्ट कोनात धरली की अंगावर काटा आणणारा आवाज यायचा, तो आठवा. पॉट कॉलचं मूळ तेच आहे. काडीचं टोक पाटीला किंचित चिकटतं, सुटतं, परत चिकटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि पाटी थरथरते. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. पाटीखाली थोडी पोकळी सोडून दुसरी एक चकती बसवलेली असते आणि डबीच्या बुडाला भोकं असतात. त्या पोकळीत आवाज भरतो आणि भोकांतून बाहेर पडतो. म्हणून डबी मुठीत गच्च धरायची नसते. बोटांच्या टोकांवर तोलायची, खालची भोकं मोकळी ठेवून.

पाटीइतकी काडीही थरथरते, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिचं लाकूड किती घट्ट, ती किती लांब, वरची मूठ किती जड, टोक कसं घडवलेलं, या सगळ्याचा आवाजावर परिणाम होतो. ढोल पथकात वाजवलेल्यांना हे पटवावं लागणार नाही. टिपरू बदललं की त्याच ढोलाचा आवाज बदलतो.

२. तुमची पाटी कोणती आहे ते पाहा

काडी एकटी निवडता येत नाही, पाटीशी जोडी लावूनच निवडावी लागते. बाजारात मुख्यतः तीन प्रकारच्या पाट्या मिळतात.

स्लेट, म्हणजे आपल्या पाटीचाच दगड. आवाज मऊ, खालचा. जवळजवळ कुठलीही काडी हिच्यावर काहीतरी बोलते, म्हणून शिकायला ही सर्वांत बरी.

काच. आवाज मोठा आणि धारदार, लांब पोचणारा. गुळगुळीत असल्यामुळे टोक घसरतं. हिला घट्ट लाकूड मानवतं आणि पाटी वरचेवर खरवडावी लागते. क्रिस्टल नावानं विकतात तीही काचेचीच जात.

ॲल्युमिनियम. तिघींत सर्वांत चढा आवाज. वाऱ्याच्या दिवशी उपयोगी, पण नवख्या हाताखाली किंचाळते. हिच्यावर फार कडक काडी लावली तर कान बधिर होतात, त्यामुळे मध्यम लाकडानं तिला जरा खाली आणावं लागतं.

पहिल्या वर्षी एक स्लेट किंवा एक काच घ्या आणि तिथंच थांबा. उरलेले पैसे काड्यांवर घाला. साधी काडी साधारण दहा-पंधरा डॉलरला येते, म्हणजे चांगल्या पॉटच्या किमतीत दोन-तीन काड्या होतात.

३. लाकूड निवडा

ढोबळ नियम असा: लाकूड जितकं घट्ट, तितका आवाज चढा आणि स्वच्छ, जितकं मऊ, तितका आवाज खालचा आणि गोल. लाकडाचा टणकपणा मोजायची जांका नावाची चाचणी आहे. ०.४४४ इंच व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती पाउंड जोर लागतो, ते त्यात मोजतात. अंदाज यावा म्हणून सांगते, आपला साग या मोजणीत हजाराच्या जरा वर येतो. चेरी साधारण ९५०, अक्रोडाच्या जातीचा काळा वॉलनट सुमारे १,०००, हार्ड मेपल १,४५०, हिकरी १,८००च्या आसपास, आणि पर्पलहार्ट, ओसेज ऑरेंज ही मंडळी दोन हजारांच्या पुढे. हे आकडे फक्त दिशा दाखवतात. एकाच झाडाच्या दोन फळ्यांत फरक असतो, त्यामुळे आकड्यावरून काडी मागवू नका.

हिकरी. हातोडीचे दांडे आणि ड्रमच्या काठ्या ज्या लाकडाच्या करतात ते. चिवट, रंध्रं मोठी, पाटीवर पकड चांगली. आवाजाला किंचित खरखर असते आणि ती मादीच्या आवाजात हवीच असते. स्लेट, काच, ॲल्युमिनियम, तिन्हींवर चालते. एकच काडी घ्यायची असेल तर ही घ्या.

पर्पलहार्ट. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं जांभळं लाकूड. काचेवर याची जोडी छान जमते, आवाज टोकदार येतो. शांत पहाटे फार जवळ असलेल्या पक्ष्यासाठी मात्र मला तो जास्त वाटतो.

ओसेज ऑरेंज. पिवळंधमक, फार टणक. ओसेज लोक याची धनुष्यं करत, नाव त्यांच्यावरूनच पडलं. मधल्या राज्यांत तारेची कुंपणं यायच्या आधी शेतकरी याच काटेरी झाडांची वई लावत. काळानुसार याचा रंग तपकिरी होतो, आवाजात काही बिघडत नाही.

पर्सिमन. हे आपल्या ओळखीतलं निघालं. विड्या ज्या पानांत वळतात तो आपला टेंभुर्णी आणि हे झाड एकाच कुळातले. आबनूसही त्यांचाच भाऊबंद. लाकूड बारीक कणांचं, घट्ट. पूर्वी गॉल्फच्या काठ्यांची डोकी याची करत. सहज मिळत नाही, हातानं काड्या घडवणाऱ्यांकडे विचारा.

शिसवी. रोझवुड नावानं मिळते ती. वजनदार आणि गोड आवाजाची. गावाकडच्या जुन्या पलंगाचा एखादा तुकडा आणून काडी करावी असं मनात येईल, माझ्याही आलं होतं. पण शिसवीची सगळी प्रजाती २०१७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहे आणि कच्चं लाकूड सीमेवर तपासलं जातं. नियम नीट वाचल्याशिवाय बॅगेत घालू नका.

चेरी, वॉलनट, रेड सीडर. ही मऊ बाजू. सीडरची काडी हलकी असते, तिला छान वास असतो आणि टोक लवकर झिजतं. तरी पहाटे नर अजून झाडावरच बसलेला असताना स्लेटवर सीडरनं हलकेच काढलेला आवाज मला सर्वांत खरा वाटतो. जुने शिकारी स्लेटचा तुकडा हातात घेऊन मक्याच्या कणसाच्या बुरकुंडात खोचलेल्या सीडरच्या खुंटीनं टर्की बोलवत. आजही काही काड्यांची मूठ बुरकुंडाचीच असते.

डायमंडवुड. दुकानात रंगीबेरंगी पट्ट्यांची काडी दिसेल ती. बर्चचे पातळ पापुद्रे रंगवून, राळ भरून, दाबून केलेलं हे लाकूड. फार घट्ट, दमटपणा कमी शोषणारं, प्रत्येक काडी बरीचशी सारखी. काचेवर उत्तम.

सुरुवातीला तीन काड्या पुरतात: हिकरीची एक, घट्ट लाकडाची एक (पर्पलहार्ट, डायमंडवुड किंवा ओसेज ऑरेंज) आणि मऊ लाकडाची एक. माझी चूक अशी झाली की रंग आवडले म्हणून पाच काड्या घेतल्या आणि पाचही घट्ट लाकडाच्या निघाल्या. पाचांचा आवाज जवळजवळ एकच.

४. टोक, मूठ आणि लांबी पाहा

लाकडाच्या नावाइतकंच टोक महत्त्वाचं आहे. रुंद, खाली पसरत गेलेलं टोक पाटीला जास्त जागी टेकतं, आवाज खाली उतरतो आणि खरखर वाढते. बारीक, गोल टोकाचा आवाज चढा. नवीन हाताला पसरट टोक सोपं जातं, कारण कोन थोडा चुकला तरी ते बोलत राहतं.

काडी बहुतेक आठ इंचांच्या आसपास असते. काही अखंड एका लाकडाच्या, काहींची मूठ वेगळी बसवलेली. जड मूठ असली की काडी आपल्या वजनानं पाटीवर बसते आणि क्लक नावाचा मादीचा तुटक आवाज छान येतो. हलकी मूठ हळू आवाजाला बरी. मूठ आणि दांडी वेगवेगळ्या असतील तर सांधा हलवून पाहा. सैल सांधा स्वतःच खरखरतो आणि तो दोष पाटीचा समजून तुम्ही पाटी घासत बसाल.

लाकडाच्या रेषा काडीच्या लांबीत सरळ गेलेल्या हव्यात. गाठ नको. टोकावर व्हार्निश किंवा मेण तर बिलकुल नको. दांडीवर असलं तर चालतं. नवीन काडी नुसतीच घसरत असेल तर बहुधा टोकावर लकाकी आलेली असते. बारीक सँडपेपरनं ती काढा आणि मगच त्या काडीबद्दल मत बनवा.

५. घेण्याआधी ऐका, आणि लांबून ऐका

इथं घाई करू नका. पॉट तुमच्या हातात असतो, कान दीड फुटावर. तिथं जो आवाज कर्कश वाटतो तो चाळीस पावलांवर नेमका गोड लागतो, आणि हाताशी गोड वाटणारा आवाज तिथवर पोचतच नाही. टर्की तुमच्या मांडीवर बसून ऐकणार नाही. म्हणून घरच्या कुणाला तरी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं करा किंवा फोन रेकॉर्डिंगला लावून तीस-चाळीस पावलांवर ठेवा. काड्यांना नंबर द्या, प्रत्येकीनं तेच तीन आवाज काढा आणि नंतर लाकडाचं नाव विसरून ऐका.

पहिला आवाज येल्प, मादीची नेहमीची हाक. काडी पेन्सिलीसारखी धरा, टोकापासून साधारण इंचभर वर, टोक किंचित स्वतःकडे कललेलं. पाटीच्या कडेपासून इंचभर आत, छोट्या नाण्याएवढा लंबगोल काढा. सहाणेवर चंदन उगाळताना खोड उचलत नाही, तसं इथंही टोक पाटीवरून उचलायचं नाही. येल्पला दोन भाग असतात, आधी चढा सूर आणि मग खाली मोडलेला, घोगरा. त्या मोडण्याकडे लक्ष द्या. चांगल्या काडीवर ते आपोआप, दर वेळी एकाच जागी होतं. एका काडीवर ते आणण्यासाठी मनगट वाकडं करावं लागत असेल तर ती तुमची नाही.

दुसरा क्लक. टोक दाबून छोटासा, तुटक झटका.

तिसरा पर, म्हणजे निवांत चरणाऱ्या मादीची हलकी घरघर. वजन जवळजवळ न टाकता काडी सावकाश ओढायची. घट्ट लाकडाच्या बऱ्याच काड्या इथं नापास होतात. नर साठ पावलांवर येऊन थांबला की हाच आवाज लागतो, म्हणून ही चाचणी टाळू नका.

दुकानात काड्या पाकिटात बंद असतात, तिथं ऐकता येत नाही. शक्य असेल तर हातानं कॉल घडवणाऱ्यांकडे जा. ते आपला पॉट आणायला सांगतात आणि समोर काडी तासून जुळवून देतात. १९७३ साली स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनचं अधिवेशन दर वर्षी फेब्रुवारीत नॅशव्हिलला भरतं. तिथं असे कारागीर मोठ्या संख्येनं येतात आणि एका दिवसात वर्षभराचं ऐकून होतं.

काडी जमली की तिच्यावर आणि पॉटच्या बुडावर एकच खूण करा. पाटीवर जिथं सर्वांत छान आवाज येतो त्या जागेसमोर, डबीच्या काठावर पेन्सिलनं रेघ ओढा. पहाटेच्या अंधारात अंगठ्यानं चाचपता यावी म्हणून मी तिथं बारीक खाच पाडली आहे.

६. पाटी आणि टोक तयार ठेवा

कॅरम खेळलेल्या हाताला पावडर टाकायची सवय असते. इथं पावडर नको, खडूही नको. खडू बॉक्स कॉलसाठी असतो, म्हणजे लाकडी झाकण पेटीच्या काठावर घासून वाजवायच्या कॉलसाठी. पॉटवर तो लागला की टोक घसरू लागतं.

स्लेटला बारीक सँडपेपर किंवा भांडी घासायचा हिरवा स्क्रबर पुरतो. काचेला जाड, साधारण ८० ते १०० नंबरचा कागद किंवा कॉलबरोबर येणारा दगड लागतो. एकाच दिशेनं घासा आणि काडी त्या ओरखड्यांना आडवी चालवा. धूळ फुंकून किंवा कोरड्या फडक्यानं काढा, बोटानं पुसू नका. बोटांचं तेल हा या साहित्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. काडीच्या टोकालाही हात लावायचा नाही. टोकावर काळी चकाकी आली की स्क्रबरचे दोन-तीन हात फिरवा. आकार बदलेल इतकं घासू नका, कारण आकार गेला की आवाज गेला.

घरी लेथवर काडी करायची हौस असलेल्यांसाठी एकच सूचना. कोकोबोलोसारख्या काही विदेशी लाकडांच्या भुशानं अंगावर पुरळ उठतं, श्वासालाही त्रास होतो. मास्क हवाच.

७. ओल सांभाळा

ओली काडी मुकी होते. पहाटेचं दव, धुकं, हाताचा घामसुद्धा पुरतो. काड्या आणि पॉट झिपच्या पिशवीत ठेवा आणि बसल्या जागीच बाहेर काढा. पावसासाठी ॲक्रिलिक किंवा कार्बनची एक काडी आणि खरवडलेली काच वेगळी ठेवा. आवाज लाकडाइतका उबदार येत नाही, पण येतो. भिजलेली काडी हीटरवर वाळवू नका, वाकते.

८. कागदपत्रं आणि पिशवीतलं सामान

कागद आधी. नियम राज्यागणिक वेगळे आहेत, मी पेनसिल्व्हेनियाचं सांगते.

– हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र. पहिला परवाना घेणाऱ्याला हा वर्ग करावा लागतो.
– चालू वर्षाचा शिकार परवाना आणि त्याबरोबरचा टर्कीचा टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्याला लावायची चिठ्ठी.
– ओळखपत्र.
– खासगी जमीन असेल तर मालकाची परवानगी, शक्यतो लेखी.

एच-१बी किंवा तशा व्हिसावर असाल तर इथं थांबून वाचा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राची बंदूक नुसती हातात धरण्याआधीसुद्धा परवाना खिशात हवा, आणि आपल्या प्रकरणाची शहानिशा इमिग्रेशन वकिलाकडे करून घ्या.

पिशवीत एक पॉट, तीन लाकडी काड्या, पावसाची एक काडी, स्क्रबरचा तुकडा, सँडपेपर, कोरडं फडकं, झिपच्या दोन पिशव्या, बसायला गादी. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला टर्कीचा आवाज वाजवून शिकार करणं बहुतेक राज्यांत बेकायदा आहे, हे विसरू नका.

९. बसताना घ्यायची काळजी

तुम्ही हुबेहूब मादीचा आवाज काढता आहात, म्हणजे दुसरा शिकारीही तुमच्याकडे येऊ शकतो. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, रुमालसुद्धा. नराच्या डोक्याचे रंग तेच असतात. खांद्यांहून रुंद झाडाला पाठ टेकून बसा. कुणी माणूस दिसला तर हात हलवू नका, स्पष्ट, मोठ्या आवाजात बोला. आवाजाच्या मागावर चालत जाऊ नका. सार्वजनिक जमिनीवर नराचा गॉबल, म्हणजे त्याची हाक, काढू नका. जागा बदलताना नारिंगी टोपी घाला. वसंतात पेनसिल्व्हेनियात दाढी असलेलाच पक्षी मारता येतो, म्हणून छातीवरची ती केसांसारखी लोंबती बट दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर नेऊ नका.

१०. परतल्यावर

हंगामाच्या पहिल्या भागात दुपारी बाराला शिकार थांबते, त्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळते. काड्या पिशवीतून काढा आणि टोकं वर करून रात्रभर पेल्यात उभ्या ठेवा. पॉट उपडा करून कोरड्या जागी. मग वहीत चार ओळी लिहा: हवा कशी होती, कुठली काडी, कुठली पाटी, पक्ष्यानं उत्तर दिलं का, आणि तो किती जवळ येऊन थांबला. माझ्या वहीत तीन वसंत आहेत. वाऱ्याच्या दिवसांपुढे बहुतेक पर्पलहार्ट लिहिलेलं आहे, धुक्याच्या सकाळींपुढे सीडर. आणि ज्या एका सकाळी नर खरोखर वीस पावलांवर आला, त्या तारखेपुढे शेजारच्या काकांची हिकरी आहे, जी मी अजून परत केलेली नाही आणि त्यांनी अजून मागितलेली नाही.